ऊन दाखवलेल्या बरण्या

नव्वद दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही. एरवीही गोड बोलण्याबद्दल माझी ख्याती नाही. मयूरीच्या तोंडी लागू नये, असं आमच्या बेला गावातल्या बायका एकमेकींना सांगतात आणि त्या खोटं बोलत नाहीत. पण ते तीन महिने मी माझी मलाच सहन होत नव्हते. बसले की उठावंसं वाटे, उठले की कशाला उठले ते आठवत नसे. सगळा जीव दोन शिश्यांमध्ये अडकला होता.

शिश्या तपकिरी काचेच्या, खोकल्याच्या औषधाच्या असतात तेवढ्या. त्यांत चेहऱ्याला लावायचं सीरम होतं, मी स्वतः बनवलेलं. तेलंगणातल्या आदिलाबादच्या कॉलेजात मी केमिस्ट्रीच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचे रविकांत सर म्हणाले होते, प्रोजेक्ट असा घे की कच्चा माल घरातूनच निघेल. माझ्या घरात काय, कापूस आणि ज्वारी. सरकी आधीच दुसऱ्या मुलीने धरली होती, म्हणून मी ज्वारीचा कोंडा धरला.

त्या कोंड्यात फेरुलिक ॲसिड असतं. नावात ॲसिड असलं तरी हात जाळणारं नव्हे. ॲसिड लिंबातही असतंच. याचं काम वेगळं. चेहऱ्याच्या सीरममध्ये व्हिटॅमिन सी घालतात आणि ते महा नाजूक. हवा लागली, ऊन लागलं की पिवळं पडतं, मग तपकिरी होतं, मग फेकून द्यायच्या लायकीचं उरतं. सोबत फेरुलिक असलं तर ते टिकतं, कारण हवेचा आणि उन्हाचा पहिला मार फेरुलिक आपल्या अंगावर घेतं. बाजारात अशा शिश्या मिळतात, पण बेल्यात कुणी त्या घेताना मी पाहिलेलं नाही.

कोंडा आईने दिला. आईचं नाव बयनाबाई. कण्या करायच्या तर ज्वारीला पाण्याचा हात लावून उखळात कांडायचं, मग सुपाने पाखडून कोंडा वेगळा काढायचा. एरवी तो म्हशीच्या आंबोणात जातो. मी आईला एवढंच म्हटलं होतं की कोंडा पाहिजे, पुष्कळ पाहिजे. कशाला ते तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ती दर दोन दिवसांनी कण्या कांडायला लागली. कण्या आणि ताक खाऊन खाऊन माझे बाबा चंपतराव वैतागले. "कोंड्यानं नोकरी लागत असती त आपली म्हैस आतापावतर कलेक्टर झाली असती," असं ते ताटावर बसून म्हणाले. आई हसली. मला हसू आलं नाही, कारण नोकरीचा प्रश्न खरोखरच त्या कोंड्यावर येऊन ठेपला होता.

नव्वदाव्या दिवशी, गुरुवारी, हैदराबादच्या एका कंपनीच्या मॅडम कॉलेजात येणार होत्या. आम्हा तिघींचे प्रोजेक्ट पाहून त्या एकीला आपल्या लॅबमध्ये घेणार होत्या. ती एक मी नसले तर जूनपासून बेल्यातल्या पोरांकडून सूत्रं पाठ करून घ्यायची, आणि मावशीने आणलेली स्थळं मोजायची. मावशीकडे स्थळं कायम तयार असतात.

शिशी नंबर एकमध्ये कोंड्याचं फेरुलिक होतं, नंबर दोनमध्ये नव्हतं. बाकी सगळं सारखं, नंबरची चिठ्ठी काय ती वेगळी. दोन पिवळी पडायची आणि एक तशीच राहायची, की झालं सिद्ध. पण अंधारात, गारव्यात ठेवल्यामुळे दोन नंबरही फारसं बिघडत नव्हतं. ऐंशीव्या दिवशी पांढऱ्या बशीत थेंब टाकून पाहिले तर फरक होता, पण डोळे बारीक केल्यावर दिसावा एवढाच. सर म्हणाले, बघू, दहा दिवसांत वाढेल. त्यांच्या 'बघू'चा मला राग आला. नव्वद दिवस म्हणजे नव्वद दिवस. शिश्यांना काही झालं असतं तर ते परत आणता आले नसते.

त्यात परीक्षा संपल्या, लॅबचा फ्रिज बंद झाला आणि दाराला कुलूप लागलं. आदिलाबादेत माझी खोली पत्र्याची. मे महिन्यात त्या खोलीत मेणबत्ती उभी राहत नाही, सीरम काय टिकणार. म्हणून सोमवारी मी शिश्या घरी आणल्या. आमच्याकडे फ्रिज आहे, पण तो दोन उन्हाळ्यांपासून बंद आहे आणि बाबा त्यात बियाण्यांच्या पिशव्या ठेवतात. मात्र माठाच्या तिवईखालचा मातीच्या भिंतीचा कोपरा गार असतो. शिश्यांना चमचमत्या कागदात गुंडाळलं, वरून ओलं फडकं लपेटलं आणि तिथे ठेवल्या. पोस्टर छापायला मला मंगळवारी पुन्हा आदिलाबादला जायचं होतं. निघताना आईला म्हटलं, "हे खराब नाई झालं पायजे. ध्यान ठेव."

"काय हाय त्यात?" तिने विचारलं.

"तुले नाई समजन," मी म्हणाले आणि बस पकडायला धावले.

दोन दिवस माझं कशात लक्ष नव्हतं. पोस्टरवाल्याने फेरुलिकचं स्पेलिंग दोनदा चुकवलं आणि दोन्ही वेळा मी त्याच्याशी भांडले. मैत्रीण दामिनी म्हणाली, घरी फोन करून विचार ना एकदा. मी केला नाही. विचारायचं काय, शिश्या झोपल्या का?

बुधवारी दुपारी तीनला घरी पोचले. चप्पल न काढता माठापाशी गेले. तिवईखाली ओलं फडकं पिळून, घडी घालून ठेवलेलं होतं. शिश्या नव्हत्या.

आई गच्चीवर आहे, असं शेजारून कुणी तरी सांगितलं. मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. आमच्या गच्चीवर मे महिन्यात पाय ठेवायला जागा नसते. लाल मिरच्या पसरलेल्या, जुन्या लुगड्यावर कुरडया, कडेला लिंबाच्या लोणच्याच्या बरण्या. आणि त्या रांगेच्या शेवटी दोन छोट्या काचेच्या बरण्या, स्वच्छ घासलेल्या, तोंडाला पांढऱ्या फडक्याचा दादरा बांधलेला. त्यांच्या शेजारी माझ्या तपकिरी शिश्या आडव्या पडलेल्या. मिरच्या उलथत बसलेली आई मला बघून हसली.

"ओलीत ठेवलं व्हतं तू," ती म्हणाली. "ओलीत बुरशी येते. म्हून ऊन दाखवलं, काल आन् आज. त्या काळ्या शिशीत ऊन शिरत नाई, म्हून बरणीत काढलं."

तिने जे केलं ते आमच्याकडची कुठलीही बाई करते. लोणचं, पापड, डाळी, गाद्या, बाळंतिणीचे कपडे, जे म्हणून टिकवायचं त्याला ऊन दाखवायचं. टिकवण्याचा दुसरा मार्ग तिला माहीत नव्हता आणि मी सांगितला नव्हता. हे मला आज कळतं. त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे फक्त चव्वेचाळीस डिग्रीचं ऊन आणि नव्वद दिवस होते. मी दोन्ही बरण्या उचलल्या, दादरे ओरबाडले आणि कठड्यावरून खाली उकिरड्यावर ओतून दिल्या. आत बघितलंसुद्धा नाही. आई "थांब वं, आयक त—" म्हणत उठली होती.

"काय आयकू?" मी म्हणाले. "तुह्या तोंडावानी करून ठेवलं तू माह्या कामाचं."

हे इथे सांगायलाही मला लाज वाटते. आईच्या दोन्ही गालांवर वांगाचे डाग आहेत, काळपट, कपाळापर्यंत गेलेले. पंचवीस वर्षं ती कापूस वेचते. तोंडाला दुपट्टा बांधला तरी ऊन खालून, मातीवरून येतंच. माझ्या प्रोजेक्टच्या पहिल्याच पानावर मी लिहिलं होतं, 'उन्हात काम करणाऱ्या स्त्रियांच्या त्वचेसाठी'. सरांनी त्या ओळीखाली रेघ मारून शाबासकी दिली होती. ते पान मी आईला कधी वाचून दाखवलं नव्हतं.

आईने पदर पुढे ओढला. खाली वाकून त्या आडव्या तपकिरी शिश्या उचलल्या आणि माझ्या पुढ्यात धरल्या.

"भांडं पुरं रितं करत नसते," ती म्हणाली. "बुडाशी ठेवलं हाय."

ही तिची जुनी रीत. ज्वारीची कोठी असो की मिठाची बरणी, तळाला मूठभर ठेवायचंच, नाहीतर घरातलं सरतं म्हणे. मी या रीतीला पुष्कळदा हसले आहे. शिश्यांची झाकणं घट्ट होती. बुडाशी चमचाभर, जास्त नाही. मी खाली आले, पांढरी बशी घेतली, थेंब टाकले. एक नंबर पाण्यासारखं, दोन नंबर किंचित पिवळसर. ऐंशीव्या दिवशी होतं तसंच. आई दारात उभी होती. मी फक्त "राह्यलं" म्हणाले. माफी मागायला तोंड उघडत नव्हतं, आणि ज्या तोंडातून नको ते इतकं सहज निघालं होतं त्याच तोंडाची ही गोष्ट. त्या दिवशी मी जेवलेही नाही. आईने भाकरी झाकून ठेवली.

गुरुवारी सकाळच्या बसने गेले. बसमध्ये बायकाच बायका होत्या; सरकारने बायकांचं तिकीट माफ केल्यापासून बस आमचीच असते. शिश्या मी मांडीवर, ओल्या रुमालात धरल्या होत्या. शेजारची बाई म्हणाली, बाळाचं औषध हाय का? मी हो म्हणाले. मन घराकडे आणि बस आदिलाबादकडे, अशी तासभर माझी ओढाताण चालली होती.

हैदराबादच्या मॅडम साध्या होत्या. सुती साडी, नाकावर चष्मा, तेलुगूत बोलायच्या आणि मधेच हिंदीत शिरायच्या. त्यांना दोन वाजता गाडी गाठायची होती. माझ्या आधीच्या दोघींचं ऐकून घेतलं, मग माझ्या बशीवर वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

फरक आहे, त्या म्हणाल्या, पण अगदी थोडा आहे. आणि तुम्ही हे अंधारात ठेवलं. माझी बाटली दुकानाच्या काचेत उभी असते, पार्सलच्या पोत्यात दिवसभर तापते, मग कुणाच्या तरी खिडकीत ठेवली जाते. उन्हात काय होतं, ते पाहिलं का?

आधीच्या दोघींनाही त्यांनी हेच विचारलं होतं आणि त्या नाही म्हणाल्या होत्या. मीही नाही म्हणू शकले असते. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "दोन दिवस ठेवलं होतं. मे महिन्याच्या उन्हात, उघड्या काचेत."

सरांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मॅडमनी पेन उघडलं. रंग काय आला?

रंग मला माहीत नव्हता. मी पाहिलाच नव्हता. जे पाहायला मी नव्वद दिवस झुरले ते माझ्या हातात होतं आणि मी ते उकिरड्यावर ओतलं होतं. मी खरं तेच सांगितलं, की ओतून दिलं, रागाच्या भरात. मग कोणी पाहिलं, त्यांनी विचारलं. आईने, मी म्हणाले. त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, लावा फोन.

आईकडे फोन नाही. बाबांना लावला. ते चौकात चहा पीत होते. आईला दे, आत्ताच्या आत्ता, असं म्हटल्यावर ते म्हणाले, जातो, पण वाटेत म्हैस पाजून घेतो. माझा आवाज ऐकून बहुधा म्हैस तहानलेली राहिली. तरी ते घरी पोचेपर्यंत दहा मिनिटं गेली. मी खोलीत येरझाऱ्या घालत होते, दामिनी मला बस म्हणत होती, मॅडम कागद चाळत होत्या. मला दुसरीच भीती वाटत होती. काल जे मी बोलले त्यानंतर आई माझ्याशी बोलेल का आणि का बोलावं तिने?

"हां, बोल," आईचा आवाज आला. मी फोन स्पीकरवर टाकला.

"आई, त्या बरण्यायचा रंग कसा झालता?"

ती नीट, सावकाश सांगायला लागली, धान्य पाखडताना बोलते तशी.

"एक नंबरले लाल दोरा बांधला व्हता, दोन नंबरले काळा. अदलाबदल नोको व्हायले म्हून. पह्यल्या दिवशी दुपारी भाकरी झाल्यावर पाह्यलं, त दोन नंबरचं पिवळं झालं, बाभळीच्या फुलावानी. सांज्याले तंबाकूच्या पाण्यावानी. काल दुपारी त काळा चहाच झालता. एक नंबरचं नाई झालं तसं. दोन दिवस उन्हात राहून ते ताकाच्या निवळीवानीच व्हतं."

मी शब्द न् शब्द तेलुगूत सांगत गेले. बाभळीचं फूल मॅडमना माहीत होतं. ताकाची निवळ, म्हणजे ताक ठेवलं की वर येतं ते फिकट पाणी, हे मला समजावून सांगावं लागलं. त्या भरभर लिहीत होत्या. मग त्यांनी विचारलं, तुमच्या आईने एवढं लक्ष का ठेवलं? तिला तर यातलं काही ठाऊक नव्हतं ना?

मी आईला विचारलं.

"ध्यान ठेव म्हणे तू," आई म्हणाली. "म्हून पाहत व्हती. दोन नंबरचं बिघडून राह्यलं, हे तुले सांगणारच व्हती. पण तू मले बोलूच देल्लं नाई."

मॅडम माझ्याकडे बघत थांबल्या होत्या. हे वाक्य गाळता आलं असतं. मराठी त्यांना येत नव्हती. मी तेही तेलुगूत सांगितलं, जसंच्या तसं. रविकांत सर खिडकीबाहेर बघायला लागले.

मॅडमनी लगेच निवड केली नाही. त्या म्हणाल्या, ऐकलेला रंग अहवालात चालत नाही. पंधरा दिवस पुन्हा करा. नव्या शिश्या, तसंच ऊन, तशाच बरण्या, दर दोन तासांनी फोटो. ते आल्यावर मी ठरवीन, तोवर जागा भरत नाही. आणि निरीक्षण कोणी केलं, त्या रकान्यात खरं नाव लिहा. मग त्या गाडीसाठी धावल्या. दामिनी मला मिठी मारायला आली, पण मला पाचची बस गाठायची होती आणि त्याआधी सरांकडून लॅबची किल्ली घेऊन उरलेल्या फेरुलिकचं नवं सीरम करायचं होतं.

घरी पोचले तेव्हा ऊन कलत होतं. आई गच्चीवर कुरडया गोळा करत होती. त्या दोन बरण्या घासून कठड्यावर पालथ्या घातलेल्या होत्या. मी जवळ जाऊन बसले आणि एकेक कुरडई उचलून टोपल्यात टाकू लागले. चार-पाच मोडल्या. तिने ते तुकडे वेगळे काढले.

"उद्यापासून पुन्हा ऊन दाखवा लागते," मी म्हणाले. "पंधरा दिवस. तू पाह्यशीन काय?"

"आधी सांग, काय हाय त्यात."

मी सांगितलं. कोंड्यापासून सुरुवात केली. कोंडा उकळून त्यातून काय निघतं, ते व्हिटॅमिनला कसं जपतं, उन्हाचा मार आधी स्वतः कसं खातं. ती मधे मधे विचारत होती आणि तिचे प्रश्न सरांच्या प्रश्नांपेक्षा सोपे नव्हते. एवढं कोंड्यात हाय आन् मी म्हशीले घालत व्हती, असं म्हणून ती हसली. मला एका वेळी हसू आणि रडू दोन्ही आलं, म्हणून मी खाली बघून कुरडया वेचत राहिले.

मग तिने हात थांबवला. पदराने गाल पुसला आणि दुसरीकडे बघत विचारलं, "मंग ते माह्या तोंडाले चालन काय?"

काल मी जे बोलले होते ते आमच्या दोघींच्या मधे, त्या लुगड्यावर पडलेलं होतं. तिला खोटं सांगायची माझी हिंमत नव्हती.

"झालेले डाग पुरते जात नाई, आई," मी म्हणाले. "पण पुढचे थांबतात."

तिने शेवटची कुरडई टोपल्यात ठेवली आणि टोपलं उचलून उठली.

"झालं ते राहू दे," ती म्हणाली. "पुढचं थांबव."